एका पडद्यावरची दोन घरे
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात संगणकावरील आरेखनाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून आधीच खुलासा करतो. सकाळी साडेसात ते बारा मी आपल्या महाविद्यालयात भूगोलाचा विद्यार्थी असतो. दुपारी दोन ते रात्री आठ मी एका सिव्हिल इंजिनियर साहेबांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतो. बारावीच्या परीक्षेनंतर तीन महिन्यांचा क्लास करून मी ऑटोकॅड शिकलो. त्या क्लासची फी वडिलांनी दोन हप्त्यांत भरली. वडील गवंडी आहेत. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची शाळा चौथीत सुटली, आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच.

विषय तसा लहानच आहे. संगणकावर एका वेळी अनेक ड्रॉइंग्ज उघडी असताना एकातून दुसऱ्यात कसे जायचे, एवढाच. एका मित्राला हा विषय सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘त्यात लेख कसला? एक बटण दाबायचं!’ बटण दाबायचे हे खरे. पण ते दाबल्यावर आपण कुठे येऊन पोहोचलो हे मी एकदा नीट पाहिले नाही, आणि एका घराच्या पायाचे दोन खड्डे चुकीच्या जागी खणले गेले. ते खणले जात असताना दोरी धरून उभे होते ते माझे वडील. तो प्रसंग पुढे येईलच.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. पूर्वी नकाशे ड्रॉइंग बोर्डावर निघत. मोठ्या फळ्यावर कागद चिकटवायचा, टी-स्क्वेअर आणि गुण्या लावून पेन्सिलीने रेघा मारायच्या, मग वर ट्रेसिंग पेपर टाकून शाईने गिरवायचे. एक चूक झाली की ब्लेडने खरवडायचे. आमच्या साहेबांच्या ऑफिसात तो फळा अजून आहे, फक्त त्यावर आता जुन्या फायलींचे गठ्ठे असतात. पडद्यावर रेघ मारण्याची कल्पना मात्र मला वाटत होते त्याहून बरीच जुनी निघाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम तयार केला. त्यात प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत असे. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क ही कंपनी १९८२ साली स्थापन झाली, आणि त्याच वर्षाअखेर ऑटोकॅडची पहिली आवृत्ती बाजारात आली. खोलीभर आकाराच्या यंत्रावर होणारे काम टेबलावरच्या संगणकावर होऊ लागले, हे त्या प्रोग्रामचे मोठे यश.

पण त्यात एक अडचण होती. १९९७ साली आलेल्या ‘आर १४’ या आवृत्तीपर्यंत एका वेळी एकच ड्रॉइंग उघडता येई. दुसरे पाहायचे असेल तर पहिले बंद करा, नाहीतर तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा सुरू करा. १९९९ साली आलेल्या ‘ऑटोकॅड २०००’ मध्ये ही अट गेली, आणि एकाच प्रोग्रामात हवी तेवढी ड्रॉइंग्ज शेजारी-शेजारी उघडी ठेवता येऊ लागली. आमचे साहेब आर १४ वर शिकलेले. ते म्हणतात की तेव्हा माणूस एका घराचे काम संपवूनच दुसऱ्या घराकडे वळत असे. मला हे थोडे म्हातारपणीचे कौतुक वाटे. आता तितकेसे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू.

सर्वांत जवळचा रस्ता कळफलकावरचा. कंट्रोलचे बटण दाबून धरायचे आणि टॅब दाबायचे, म्हणजे पुढचे ड्रॉइंग समोर येते. त्यात शिफ्टची भर घातली तर मागचे येते. कंट्रोल आणि एफ ६ यांनीही हेच काम होते. दुसरा रस्ता डोळ्यांचा. २०१४ च्या आवृत्तीपासून पडद्याच्या वरच्या बाजूला प्रत्येक उघड्या ड्रॉइंगच्या नावाची पट्टी दिसते, जशी कपाटातल्या फायलींना बाहेर आलेली चिठ्ठी असते. तिच्यावर माउस नुसता नेऊन ठेवला तरी आतल्या चित्राची लहान झलक दिसते, आणि दाबले की ते ड्रॉइंग उघडते. नावापुढे चांदणीची खूण असेल तर त्यात केलेले बदल अजून साठवलेले नाहीत, असे समजावे. तिसरा रस्ता म्हणजे सगळी ड्रॉइंग्ज एकदमच समोर मांडणे. ‘व्ह्यू’मध्ये आडव्या किंवा उभ्या फरशा बसवल्यासारखी खिडक्यांची मांडणी करण्याची सोय आहे. दोन घरांची तुलना करायची तर ही मांडणी उत्तम; चार-पाच ड्रॉइंग्ज असतील तर मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पोस्टकार्डाएवढी जागा येते आणि डोळे दुखतात. २०२२ च्या आवृत्तीत नावाची पट्टी माउसने ओढून ते ड्रॉइंग प्रोग्रामच्या चौकटीबाहेर, दुसऱ्या पडद्यावरसुद्धा नेता येऊ लागले. आमच्या ऑफिसात पडदा एकच, त्यामुळे या सोयीचा मला फारसा उपयोग नाही.

नवशिक्यांचा एक घोटाळा येथेच सांगून टाकतो. कंट्रोल आणि पेज डाउन ही बटणे दाबली तरीही पडद्यावर दुसरे काहीतरी येते. पण ते दुसरे ड्रॉइंग नव्हे. एकाच ड्रॉइंगच्या आत ‘मॉडेल’ म्हणजे खऱ्या मापाचे घर असते, आणि ‘लेआउट’ म्हणजे छपाईसाठी त्याच घराची मांडणी केलेले कागद असतात. ही बटणे त्या कागदांमध्ये फिरवतात. उपमा द्यायची तर कंट्रोल-टॅब म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणे, आणि कंट्रोल-पेज डाउन म्हणजे त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत जाणे. क्लासमध्ये आम्हा अर्ध्याजणांना हा फरक पहिला महिनाभर कळला नव्हता.

जायचे कसे हे एका दिवसात येते. खरी मेख आहे ती, दोन ड्रॉइंग्जमध्ये काय सामाईक असते आणि काय वेगळे, हे ओळखण्यात.

वेगळे असते ते असे. प्रत्येक ड्रॉइंगचे चालू काम त्याच्यापाशीच थांबून राहते. एका ड्रॉइंगमध्ये रेघ मारता मारता अर्ध्यावर सोडून तुम्ही दुसऱ्यात गेलात, तिथे तासभर काम केलेत आणि परत आलात, तरी पहिल्यात ती रेघ पुढच्या बिंदूची वाट पाहत तशीच उभी असते. तसेच ‘अनडू’चे. कंट्रोल आणि झेड दाबून केलेले काम मागे घेता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रत्येक ड्रॉइंगचा अनडू स्वतंत्र असतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा एका ड्रॉइंगमध्ये चुकीची मापे टाकली, ते ध्यानात आले तोवर नकळत दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये गेलो होतो, आणि घाईने पाच-सहा वेळा कंट्रोल-झेड दाबले. चुकीची मापे होती तिथेच राहिली, आणि दुसऱ्या घराचा बरोबर काढलेला जिना पायरी-पायरीने नाहीसा झाला.

सामाईक असते ती नक्कल ठेवण्याची जागा, म्हणजे क्लिपबोर्ड. एका ड्रॉइंगमधून कंट्रोल-सी करून उचललेली वस्तू दुसऱ्यात कंट्रोल-व्ही करून ठेवता येते. एक संडास-बाथरूम किंवा एक जिना दहा नकाशांत वापरता येतो तो यामुळेच. उचलताना कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबले तर वस्तू कोणत्या कोपऱ्याला धरून उचलायची हे ठरवता येते. गवंडी फरशी कोपऱ्यातून धरतो तसेच हे. आणि पहिल्या ड्रॉइंगमध्ये वस्तू ज्या जागी होती नेमक्या त्याच जागी दुसऱ्यात ठेवायची असेल तर ‘पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स’ हा वेगळा पर्याय आहे. भूगोलाच्या मित्रांना हे लगेच समजेल, कारण अक्षांश-रेखांश तेच राहतात आणि फक्त नकाशा बदलतो.

या नकलेत एक छुपा खड्डा आहे. दारे-खिडक्या आम्ही ‘ब्लॉक’ करून ठेवतो. ब्लॉक म्हणजे एकदा काढलेली आणि नाव दिलेली आकृती. समजा, एका ड्रॉइंगमध्ये ‘डी १’ नावाचे दार साडेतीन फुटांचे आहे, आणि दुसऱ्यातही ‘डी १’ याच नावाचे दार आहे, पण ते तीन फुटांचे. पहिल्यातले दार उचलून दुसऱ्यात ठेवले तर ठेवल्यावर ते तीन फुटांचे होते. नाव तेच असेल तर ज्या घरात जाल तिथली व्याख्या लागू होते. रेघा ज्या थरावर असतात त्या ‘लेयर’चेही असेच, नाव जुळले की रंग आणि जाडी पाहुण्याची जाते व यजमानाची लागते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीच्या आडनावाची आठवण व्हावी, असा हा कायदा आहे! मापाच्या एककाकडेही लक्ष हवे. काहीजण मिलिमीटरमध्ये काम करतात, काही फुटांत. ड्रॉइंगमध्ये एकक नोंदवलेले नसेल तर संगणकाला एक म्हणजे नुसता एक, मग तो इकडचा मिलिमीटर असो की तिकडचा फूट.

आता तो प्रसंग.

गेल्या पावसाळ्यानंतर साहेबांकडे दोन सख्ख्या भावांच्या घरांचे काम आले. प्लॉट शेजारी-शेजारी, तोंड एकाच दिशेला, घरेही जवळजवळ सारखी. थोरल्याचा नकाशा आधी निघाला, आणि त्यावरूनच थोडे फेरफार करून मी धाकट्याचा काढला. दोन्ही फायलींच्या नावांत आडनाव, गट नंबर, तारीख असे सगळे सारखे. फरक अगदी शेवटच्या एका अक्षरात. एके संध्याकाळी साहेबांनी सांगितले, धाकट्याचे स्वयंपाकघर दहा फुटांचे आहे ते साडेअकरा कर, हॉलच्या बाजूची भिंत आणि त्या रांगेतले दोन कॉलम दीड फूट सरकव. थोरल्याला मात्र हॉल मोठा हवा होता, मुलीचे लग्न घरासमोर करायचे होते. त्याच्या घरात काही बदल नव्हता.

दोन्ही ड्रॉइंग्ज उघडी होती. मी थोरल्याच्या नकाशातले एक माप पाहायला गेलो, परत येण्यासाठी कंट्रोल-टॅब दाबले. तिसरेही एक ड्रॉइंग उघडे होते, म्हणून पुन्हा दाबले, मग बहुधा आणखी एकदा. समोर स्वयंपाकघर आले. मी आधीच जवळ जाऊन पाहत असल्यामुळे पडद्यावर फक्त चार भिंती, ओटा आणि दार एवढेच दिसत होते, आणि ते दोन्ही घरांत सारखेच. भिंत सरकवली, कॉलम सरकवले, माप बदलले, साठवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही नकाशांचे प्रिंट काढून मुकादमाकडे दिले. काम थोरल्याच्या घरापासून सुरू होणार होते.

त्या कामावर अण्णा होते. लाइनआउट झाले, चुन्याची फक्की पडली, आणि दुसऱ्या दिवशी खड्डे सुरू झाले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी नकाशा उलगडून पाहिला. त्यावरची नावे इंग्रजीत असतात, ती त्यांना वाचता येत नाहीत. आकडे येतात, आणि रेघा तर माझ्यापेक्षा जास्त येतात. संध्याकाळी ते नकाशा टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आले आणि माझ्यापुढे पसरला.

‘सैपाकघर धाकल्याचं वाढवायचं ठरलं हुतं न्हवं?’ त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो.

‘मग ह्या कागदावर आड कसा? आड तर थोरल्याच्या परड्यात हाय.’

मी पाहिले. नकाशाच्या मागच्या बाजूला, कुंपणापाशी, आडाचे लहानसे वर्तुळ होते. ते मीच काढले होते. धाकट्याच्या प्लॉटमध्ये आड नाही.

अण्णांनी दुपारीच काम थांबवून मुकादमाला दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यांकडे वळवले होते. तोवर दोन खड्डे पूर्ण झाले होते. ते कोणामुळे चुकले, हे त्यांनी तिथे कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी मीच साहेबांना सांगितले. संगणकातली भिंत दीड फूट मागे घ्यायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. जागेवर मात्र दोन्ही खड्डे एका बाजूने वाढवावे लागले, आणि दुसऱ्या बाजूला सैल माती नको म्हणून साहेबांनी दगडाचे सोलिंग करून वर काँक्रीट घालायला सांगितले. तीन मजुरांचा एक दिवस गेला, सिमेंट-खडी गेली ती वेगळी. साहेबांनी माझे पैसे कापले नाहीत. तीन आठवडे मला नुसते प्रिंट काढायला बसवले, आणि ते मला जास्त लागले.

त्या तीन आठवड्यांत मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली. ती कोणत्याही पुस्तकातली नाही, पण मित्रहो, जे या कामात पडतील त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात आलो की आधी काहीही करायचे नाही. माउसचे चाक दोनदा दाबायचे, म्हणजे संपूर्ण नकाशा पडद्यावर मावतो. मग त्या घराची एखादी ओळखीची खूण शोधायची: आड, झाड, रस्त्याचे वळण, तिरपे कुंपण, काहीही. ती सापडली की ‘झूम प्रीव्हियस’ करून पुन्हा होतो तिथे परतायचे आणि मग रेघेला हात लावायचा. याला तीन सेकंद लागतात. खूणच नसेल तर मी निर्माण करतो. छपाईत न येणारा एक लेयर करून त्यावर मोठ्या अक्षरांत घराचे नाव आडवे लिहून ठेवतो, इतके मोठे की स्वयंपाकघरात शिरलो तरी त्यातले एखादे अक्षर मागे दिसत राहावे. ही युक्ती अण्णांची. त्यांनी सुचवले ते साध्या शब्दांत: जोत्यावर कसं खडूने नाव टाकतो, तसं टाकता येत नाही का तुझ्या मशीनवर?

फायलींची नावेही बदलली. फरक करणारे अक्षर आता शेवटी न ठेवता पहिले ठेवतो. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल नवा दोन’ अशी नावे मात्र आमच्या ऑफिसातून अजून गेलेली नाहीत, आणि साहेब असेपर्यंत जातील असे दिसत नाही.

कंट्रोल-टॅब मी आता दोन ड्रॉइंग्ज असतील तेव्हाच वापरतो. तीन झाली की वरच्या पट्टीवरचे नाव वाचून तिथेच माउस दाबतो. वेळ थोडा जास्त जातो. काम नसलेली ड्रॉइंग्ज उघडी ठेवत नाही. नावाच्या पट्टीवर माउसचे उजवे बटण दाबले की हे सोडून बाकी सगळी बंद करा, असा पर्याय मिळतो, तो हाताशी ठेवला आहे. चूक झालीच तर ऑटोकॅड प्रत्येक वेळी साठवताना आधीची प्रत ‘बॅक’ नावाने बाजूला ठेवतो, तिचा आधार असतो. पण ती फक्त एक साठवण मागची असते. मी त्या संध्याकाळी सवयीने चार-पाच वेळा साठवले होते, त्यामुळे त्या प्रतीतही भिंत सरकलेलीच होती.

राहता राहिली ती नुसते पाहण्यासाठी उघडायची ड्रॉइंग्ज. एखादे माप बघायचे, जिना कसा बसवला होता ते आठवायचे, एवढ्याचसाठी आपण जुना नकाशा उघडतो आणि तो दिवसभर उघडाच राहतो. ‘ओपन’च्या बटणाशेजारी एक लहान बाण आहे, तो दाबला की केवळ वाचण्यापुरते उघडण्याचा पर्याय येतो. तसे उघडलेल्या ड्रॉइंगमध्ये भिंत सरकवली तरी ती मूळ फायलीत त्याच नावाने साठवता येत नाही. थोरल्याचे घर आता जोत्याच्या वर आले आहे, धाकट्याच्या कामात अजून फेरफार चालू आहेत, आणि मापे जुळवायला मला दोन्ही नकाशे समोर लागतात. थोरल्याचा मी असाच उघडतो. त्याच्या नावाच्या पट्टीवर एक बारीक कुलूप दिसते.